जि. कुलाबा: नाव पुसलं गेलेल्या जिल्ह्याच्या आठवणी आणि माहिती इथे जमवूया

दिवेआगरची_लेक

बाबांचा जन्म १९४६ चा, दिवेआगरचा. गेल्या महिन्यात त्यांच्या एका कामासाठी शाळा सोडल्याचा दाखला घेऊन मी एका कार्यालयात गेले होते. दाखल्यावर लिहिलंय 'ता. श्रीवर्धन, जि. कुलाबा'. खिडकीतल्या मुलाने तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "मॅडम, कुलाबा मुंबईत आहे. श्रीवर्धन रायगडात. दाखल्यात चूक आहे, शाळेतून दुरुस्त करून आणा."

मी त्याला समजावलं, पण तो ऐकेना. त्यात त्याचा तरी काय दोष? पंचवीस-सव्वीस वर्षांचा असेल. तो जन्मायच्या कितीतरी आधी हा जिल्हा नकाशावरून गेला होता. बाबा मात्र घरी परतताना गप्प होते. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाले, "चूक कशी असेल? मास्तरांचं अक्षर आहे ते."

तो दाखला आत्ता समोर आहे. पिवळट कागद, मधल्या घडीवर चिरलेला, मागून ट्रेसिंग पेपर चिकटवून जपलेला. निळी शाई करडी पडली आहे. 'कुलाबा' मधल्या ला ची वेलांटी इतकी जोरात ओढली आहे की कागद तिथे किंचित खरवडला आहे... नाही, वेलांटी नव्हे, काना. पण बघत राहावं असं अक्षर आहे.

मग मनात आलं की बाबांनी घर कधी बदललं नाही. तीच वाडी, तीच विहीर. पण ते जन्मले जंजिरा संस्थानात, शिकले कुलाबा जिल्ह्यात आणि निवृत्त झाले रायगड जिल्ह्यात. एका आयुष्यात एका घराचे तीन पत्ते.

मला माहीत आहे तेवढं लिहिते. १ जानेवारी १९८१ पासून कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. तेव्हा मुख्यमंत्री होते बॅ. अंतुले, म्हणजे याच जिल्ह्यातल्या आंबेतचे. जिल्हा म्हणून कुलाब्याची सुरुवात १८६९ ची. म्हणजे हे नाव एकशे अकरा वर्षं कागदावर होतं. सातबारे, खरेदीखतं, लग्नपत्रिका, मनिऑर्डरी, शाळेचे दाखले, सगळ्यांवर. एवढा मोठा काळ माणसं विसरतात कशी, हे मला कळत नाही.

ज्यांच्याकडे या जिल्ह्याची माहिती असेल, घरातल्या आठवणी असतील, त्यांनी कृपया इथे लिहा. लहानसहान वाटलं तरी लिहा.

---

सरखेल

फार चांगला विषय. सुरुवातीपासून सांगतो.

जिल्ह्याला नाव मिळालं ते अलिबागसमोरच्या पाण्यातल्या कुलाबा किल्ल्यावरून. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये त्याचं बांधकाम सुरू करवलं, ते पुरं झालं संभाजी महाराजांच्या काळात. पुढे कान्होजी आंग्र्यांनी तिथे आपलं मुख्य ठाणं केलं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून या किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. १७२९ मध्ये कान्होजी गेले. त्यांची समाधी अलिबाग गावात आहे, किनाऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

त्यानंतर भाऊबंदकी झाली. संभाजी आंग्रे विजयदुर्गाकडे, मानाजी कुलाब्याकडे. विजयदुर्गाची शाखा १७५६ मध्ये तुळाजीबरोबर संपली. कुलाब्याची शाखा मात्र त्यानंतर ऐंशीहून जास्त वर्षं टिकली. किल्ल्यातलं गणपतीचं देऊळ राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं आहे, आजही तिथे पूजा होते. अलिबागी रुपया याच घराण्याच्या टाकसाळीतला.

१८३८ मध्ये दुसरे राघोजी वारले. त्यांच्या मागे जन्मलेलं मूल तान्हेपणीच गेलं. राणीने दत्तकाची परवानगी मागितली, ती कंपनी सरकारने नाकारली आणि १८४० मध्ये संस्थान खालसा केलं. लक्षात घ्या, डलहौसी हिंदुस्थानात आला १८४८ मध्ये. 'दत्तक नामंजूर' म्हटलं की आपण सातारा, नागपूर, झाशी म्हणतो. कुलाबा त्या सगळ्यांच्या आधी गेलं, आणि शाळेच्या पुस्तकात त्याचं नावही नसतं. मला याचं फार वाईट वाटतं.

---

पेणची_माती

>> एका आयुष्यात एका घराचे तीन पत्ते

हे वाचून थांबले. माझ्या आजीच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात 'पेण, जि. कुलाबा' असं लिहिलेलं होतं. ट्रंक भंगारात गेली. फोटो काढून ठेवायला हवा होता.

---

जुना_मास्तर

मी शिक्षणखात्यात होतो, आता वय ऐंशीच्या पुढे. टायपिंगला वेळ लागतो, चुका झाल्या तर समजून घ्या.

लोक जिल्हा म्हटलं की कलेक्टर आठवतात. पण खेड्यातल्या माणसाचा संबंध यायचा तो लोकल बोर्डाशी. १८८४ च्या कायद्याने जिल्ह्याची नि तालुक्यांची लोकल बोर्डं झाली, १९२३ च्या कायद्याने त्यात लोकांनी निवडलेल्या माणसांचं वजन वाढलं. गावचा रस्ता, विहीर, धर्मशाळा, दवाखाना, देवी टोचणं हे सगळं बोर्डाकडे. रस्त्याला खड्डा पडला तर माणूस म्हणायचा, 'बोर्डाला कळवा'. आमच्या लहानपणी 'बोर्डाचा रस्ता' आणि 'सरकारी रस्ता' हे दोन वेगळे शब्द होते. मुलांनासुद्धा फरक कळायचा, कारण बोर्डाच्या रस्त्यावर अनवाणी पायांना खडी टोचायची.

१ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि लोकल बोर्ड हा शब्द हळूहळू मागे पडला. आमची झाली 'कुलाबा जिल्हा परिषद'. त्या नावाला आयुष्य मिळालं अठरा-एकोणीस वर्षांचं. शाळेच्या बाकांवर, हजेरीपटांवर 'कु. जि. प.' असं लिहिलेलं असायचं. नाव बदललं त्या वर्षी आम्ही शिल्लक छापील कागद टाकून दिले नाहीत. 'कुलाबा' वर रेघ मारून वर 'रायगड' लिहायचो. कागद वाया घालवायची पद्धत तेव्हा नव्हती. असे दोन नावांचे कागद कोणाकडे असतील तर जपून ठेवा, मधला काळ त्यांच्यावर दिसतो.

---

शिलोत्तर

मास्तर, नमस्कार. तुमच्यासारख्यांनी लिहायलाच हवं.

मी खारभूमीबद्दल लिहितो, कारण त्याशिवाय कुलाबा जिल्हा कळायचा नाही. अलिबाग, पेण, उरण, पनवेल या पट्ट्यात शेकडो एकर शेत ही मुळात खाडी होती. माणसांनी मातीचे बांध घालून समुद्र मागे सारला. बाहेरच्या मोठ्या बांधाला आमच्याकडे बाहेरकाठा म्हणतात. त्यात पाणी सोडायला लाकडी झडप, ती उघाडी. पावसाचं गोडं पाणी ओहोटीला उघाडीतून बाहेर जातं आणि भरती आली की झडप समुद्राच्याच दाबाने बंद होते. पहिली दोन-तीन वर्षं खारटाण धुवायचं, मग खारं भात लावायचं. तांबडा तांदूळ, पेजेला अमृत.

जो बांध घालेल त्याला जमिनीत हक्क, आणि बांध राखायची जबाबदारीही त्याची, असा शिलोत्री पद्धतीचा गाभा होता. काही गावांच्या नावातला 'शिलोत्तर' तिथूनच आला आहे. ब्रिटिशांच्या आधीपासूनची ही पद्धत. मला विचाराल तर हेच या किनाऱ्यावरचं पहिलं स्थानिक सरकार. उधाणाच्या रात्री बांधाला खांड गेली की ढोल वाजायचा आणि घरटी एक माणूस फावडं-घमेलं घेऊन बांधावर. न येणाऱ्याला दंड. कलेक्टरने सांगायची वाट कोणी बघत नसे, कारण पहाटेपर्यंत खांड बुजली नाही तर खारं पाणी शेतात शिरून तीन वर्षांचं पीक गेलं.

माझे आजोबा पंचांगात आधी एकादशी नाही, भरतीची वेळ बघायचे. "भरती आयली, उघाडी बघून या रे," हे वाक्य मी आजही झोपेत ऐकतो. आता बांध कोणी राखत नाही. जमीन विकायची म्हणून मुद्दाम दुर्लक्ष होतं, कांदळवन शेतात शिरतं. दुखतं ते बघून.

---

सागरगड

शिलोत्तर, अप्रतिम लिहिलंत. खारभूमीचा विषय निघाला की चरीचा निघायलाच हवा.

अलिबाग तालुक्यातलं चरी. २७ ऑक्टोबर १९३३ ला तिथल्या कुळांनी ठरवलं की खोताची जमीन कसायची नाही. नेते होते नारायण नागू पाटील. पंचवीस गावं संपात उतरली. खोतांना वाटलं पोटं जाळली की येतील वळणावर. पण लोकांनी रानातून लाकूडफाटा आणून विकला, खाडीत मासे धरले, करवंदं विकली, पण नांगर धरला नाही. संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं! जगात इतके लांब शेतकरी संप फार थोडे असतील. बाबासाहेब आंबेडकर या कुळांच्या मागे उभे राहिले. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्यानंतर.

पडीक जमिनीत सहा वर्षांत काय वाढतं याचा विचार करा. बांध फुटले, खारं पाणी आत आलं, शेतात चिपी, म्हणजे कांदळाची झाडं, उगवली. संप मिटल्यावर त्याच लोकांना पुन्हा पहिल्यापासून खार बांधावी लागली. माझी पणजी त्यातली. ती 'संपाच्या सालात' असंच साल सांगायची, आकड्यात कधी नाही.

---

पोलादपूरकर

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका.

नाव बदललं ते योग्यच झालं असं माझं मत आहे. आमच्यासारख्या घाटाखालच्या माणसाला कुलाबा किल्ला कधी दिसला? आमचं दैवत रायगड. रोज सकाळी दिसतो. महाराजांचा राज्याभिषेक झाला तो डोंगर जिल्ह्यात असताना जिल्ह्याने त्याचं नाव मिरवलं तर चुकलं काय? शिवाय गोंधळ मिटला. माझ्या चुलत्याची मुंबईच्या नोकरीची पत्रं 'कुलाबा' एवढंच वाचून मुंबईच्या कुलाब्यात जाऊन यायची, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

आणखी एक. 'रायगड' हे नाव १९८१ ला आकाशातून पडलेलं नाही. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला आमचा महाडकडचा भाग 'रायगड तालुका' म्हणूनच ओळखला जायचा. पेणच्या बाजूचा 'सांक्षी', मधला 'राजपुरी'. जुन्या कागदात ही तिन्ही नावं सापडतील.

---

सरखेल

पोलादपूरकर, राग कशाला? मुद्दा रास्त आहे, आणि सांक्षी-राजपुरी-रायगड ही माहिती मोलाची.

माझं म्हणणं इतकंच की कुलाबा हे इंग्रजांनी लादलेलं नाव नव्हतं. बॉम्बेचं मुंबई झालं तसं हे नाही. तोही महाराजांचाच किल्ला, त्यांच्या अखेरच्या बांधकामांपैकी एक. डोंगरावरच्या राजधानीला मान मिळाला, तो मिळायलाच हवा. पण समुद्रातल्या ठाण्याचं नाव त्यापायी गेलं, आणि त्याबरोबर हा जिल्हा मुळात दर्यावर्दींचा होता ही ओळखही फिकी झाली.

---

नवगाव_ते_लोद

मी इस्रायलमधून लिहिते. मराठी टायपिंग अजून शिकते आहे, माझी भाची मदत करते.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमच्या लोकांची जुनी कथा अशी की आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले. तिथे स्मारक आहे, मी दोनदा जाऊन आले. आमचे लोक गावोगाव तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून आम्हाला शनवार तेली म्हणत. आमची आडनावं म्हणजे तुमच्या जिल्ह्याचा नकाशाच आहे: किहीमकर, नवगावकर, रोहेकर, पेणकर, चेऊलकर, अष्टमकर, दिवेकर. अलिबाग हे नावसुद्धा आमच्यातल्याच अली नावाच्या एका बागाईतदारावरून पडलं असं सांगतात.

आमच्याकडे नवस फेडताना मलिदा करतात. पोहे, खोबरं, साखर, फळं, आणि एलियाहू हनाबीचं, म्हणजे एलिया प्रेषिताचं, नाव घ्यायचं. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एक खडक आहे, तिथे एलियाहू हनाबीच्या रथाची खूण आहे असं आमचे लोक मानतात. इथे लोदला मलिदा करताना माझी आई म्हणायची, "पोहे कुलाब्यासारखे नाहीत." तिने रायगड हा शब्द जिल्ह्यासाठी कधी वापरला नाही. ती आली तेव्हा तो जिल्हा कुलाबाच होता, आणि तिच्यासाठी तोच राहिला.

दिवेआगरची लेक, तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग.

---

दिवेआगरची_लेक

नवगाव ते लोद, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ते म्हणाले, दिवेकरांचा एक घाणा आमच्याही बाजूला होता असं त्यांची आई सांगायची.

सगळ्यांचे खूप आभार. जंजिरा संस्थानाबद्दल कोणी लिहील का?

---

राजपुरी_खाडी

मी मुरूडचा, मी लिहितो.

सिद्दीचं राज्य म्हणजे मुरूड, म्हसळे, श्रीवर्धन, शिवाय दूर काठेवाडात जाफराबाद. गंमत पाहा, पेशव्यांचं मूळ गाव श्रीवर्धन, पण ते पेशवाईच्या भर वैभवातही सिद्दीच्याच मुलखात राहिलं. देश स्वतंत्र झाल्यावरही इथे काही महिने नवाबाचा अंमल होता. जानेवारी १९४८ मध्ये लोकांनी उठाव केला. नानासाहेब पुरोहित आणि मोहन धारिया यांच्या लोकसेनेने म्हसळे-श्रीवर्धनचा ताबा घेतला. धारिया तेव्हा अवघे बावीस-तेवीस वर्षांचे, महाडजवळच्या नाते गावचे. मग संस्थान विलीन झालं आणि हे तिन्ही भाग कुलाबा जिल्ह्याला जोडले गेले.

त्याच वर्षी भोर संस्थान विलीन झालं. त्यांच्याकडचा सुधागड, म्हणजे पालीचा भाग, तोही कुलाब्यात आला. पनवेल, उरण, कर्जत हे त्याआधी, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत, ठाणे जिल्ह्यातून इकडे आले होते. म्हणजे आंग्र्यांचा तुकडा, सिद्दीचा तुकडा, भोरच्या पंतसचिवांचा तुकडा, ठाण्याचा तुकडा. वाकळ शिवावी तसा जिल्हा शिवला गेला, आणि तीच वाकळ सगळ्यांनी एकत्र पांघरली. १८८३ च्या गॅझेटियरचं नावच 'कुलाबा आणि जंजिरा' असं आहे, दोन वेगळे मुलूख एका पुठ्ठ्यात. १९६४ ला नवीन आवृत्ती निघाली तेव्हा नाव उरलं फक्त कुलाबा.

---

चवदार

कुलाबा हे नाव ज्या एका कागदावर कायमचं कोरलं गेलं आहे तो अजून कोणी सांगितला नाही, म्हणून लिहितो.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला जी परिषद भरली तिचं नाव 'कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद'. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांच्या मागून हजारो माणसं चवदार तळ्यावर गेली आणि ओंजळीने पाणी प्यायली.

आणि हा लढा स्थानिक स्वराज्याशी थेट जोडलेला होता हे विसरू नका. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोल्यांचा ठराव झाला की सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला, म्हणून माणसांना चालत जावं लागलं. पुढे दावा कोर्टात गेला, निकाल हायकोर्टातून १९३७ ला लागला, आपल्या बाजूने. दहा वर्षं, एका ओंजळ पाण्यासाठी.

माझे आजोबा २० मार्चला तिथे होते. माणगाव तालुक्यातून चालत आले होते. ते कधी 'महाडची परिषद' म्हणाले नाहीत, 'आपली कुलाब्याची परिषद' म्हणायचे. त्यातला 'आपली' हा शब्द मला फार मोठा वाटतो. जिल्ह्याला आपलं म्हणायचा हक्कही त्यांनी त्या दिवशी मिळवला.

---

पोलादपूरकर

चवदार, हात जोडतो. महाड तालुक्याशेजारी जन्म काढला, पण परिषदेचं पूरं नाव आज कळलं. माझं नावाबद्दलचं मत तेच आहे, पण हा धागा सुरू झाला हे फार बरं झालं.

---

चुंबकसुई

दोन कुलाब्यांच्या गोंधळावर एक खरी गोष्ट.

मुंबईच्या कुलाब्यात जुनी वेधशाळा होती. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी तिथे १८४१ पासून व्हायच्या. सप्टेंबर १८५९ मध्ये जे प्रचंड सौर वादळ झालं, त्याची नोंद तिथल्या कागदावर आहे. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या प्रवाहाने चुंबकसुया बिघडतात, म्हणून नवी जागा शोधली आणि सापडली ती अलिबागला. १९०४ मध्ये तिथे नोंदी सुरू झाल्या. इमारत पोरबंदरी दगडाची, कारण त्यात लोहचुंबकी गुण नाही. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुना आणि नवा धागा तुटू नये.

म्हणजे मुंबईच्या कुलाब्याची वेधशाळा कुलाबा जिल्ह्यात आली! शास्त्रज्ञ या सलग नोंदींना आजही 'कुलाबा-अलिबाग' असं जोडनाव वापरतात. जिल्ह्याने नाव टाकलं, विज्ञानाने शेजारच्या नावाने का होईना, ते अलिबागला चिकटवून ठेवलं.

---

रेवसबंदर

मुंबईशी असलेलं नातं पाण्यावरूनच होतं. भाऊचा धक्का ते रेवस, धरमतर. आमच्या घरात 'रामदास' हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारत नाही.

१७ जुलै १९४७. गटारी अमावास्या. सणाला घरी जायला मुंबईतले चाकरमानी रामदास बोटीत चढले. काशाच्या खडकाजवळ बोट बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्या घालून जेवढी माणसं काढता आली तेवढी काढली. माझ्या आजीचा थोरला भाऊ त्यात होता. तो आला नाही. तिच्या माहेरी त्या अमावास्येला आजही चूल उशिरा पेटते.

महिन्याभराने देश स्वतंत्र झाला. आजी म्हणायची, झेंडा बघायला गेले तेव्हा आईच्या अंगावर अजून तेच लुगडं होतं.

यापुढे मला लिहवत नाही.

---

पेणची_माती

रेवसबंदर...

---

जुना_मास्तर

मी तेव्हा लहान होतो. अलिबागच्या बाजारपेठेतली दुकानं किती दिवस बंद होती हे मोठी माणसं सांगायची.

एक गोष्ट कामाची सांगतो. जिल्ह्याचं नाव १९८१ ला गेलं तरी लोकसभेचा मतदारसंघ मात्र 'कुलाबा' राहिला. १९५२ ला इथून चिंतामणराव देशमुख निवडून गेले होते, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, तेही नाते गावचेच. १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या निषेधार्थ त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं. कुलाब्याच्या खासदाराने मुंबईसाठी मंत्रिपद सोडलं, ही गोष्ट प्रत्येक शाळेत सांगितली पाहिजे. २००४ च्या निवडणुकीपर्यंत मतपत्रिकांच्या कागदपत्रांत हेच नाव होतं. फेररचनेनंतर, २००९ ला ते 'रायगड' झालं आणि पनवेल, उरण, कर्जत गेले मावळात.

दिवेआगरच्या ताई, त्या मुलाला हेच सांगा. २००४ साली या मतदारसंघात ज्यांची नोंद होती ते सगळे कुलाब्याचे मतदार होते.

---

शिलोत्तर

आणि ताई, पुन्हा जाल तेव्हा नामांतराच्या राजपत्राची प्रत बरोबर न्या. तिथल्या वरिष्ठांना भेटा. दाखला अजिबात 'दुरुस्त' करून घेऊ नका. मूळ नोंद बरोबर आहे. ती बदलली तर तीच चूक ठरेल.

---

दिवेआगरची_लेक

काल जाऊन आलो. बाबांनाही नेलं होतं. नामांतराचा कागद दाखवला, वरच्या बाईंनी दाखला हातात घेऊन नीट वाचला आणि 'कुलाबा म्हणजे आताचा रायगड' अशी नोंद करून अर्ज घेतला. त्यांचं माहेर नागाव निघालं. खिडकीतला तो मुलगाही उठून आला, बाबांशी बराच वेळ बोलला. त्याला उघाडी म्हणजे काय ते बाबांनी टेबलावरच्या दोन फायली उभ्या धरून दाखवलं.

घरी आल्यावर हा सगळा धागा त्यांना पुन्हा वाचून दाखवला. रामदासच्या प्रतिसादाला ते उठून गेले, थोड्या वेळाने परत आले. मग माझ्या मुलीने विचारलं, "आजोबा, तुमच्या जिल्ह्यात काय काय होतं?" तर ते खुर्चीत ताठ बसले आणि तिसरीत मास्तरांनी पाठ करून घेतलं होतं तसं, त्याच चालीत म्हणायला लागले. तालुके नि महाल सगळे एका दमात:

"अलिबाग, पेण, पनवेल, उरण, कर्जत, खालापूर, सुधागड, रोहे, माणगाव, मुरूड, म्हसळे, श्रीवर्धन, महाड, पोलादपूर. चौदा."

मुलगी म्हणाली, "आजोबा, पंधरा. तळा राहिलं."

"तळा नंतर झालं," बाबा म्हणाले. "कुलाब्याचे चौदाच."